ड्रॅगनच्या नोंदी: एफ६ चा घोडा

५ जानेवारी २०२५

ठरलं. मे महिन्यातल्या बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धेपर्यंत काळ्या मोहऱ्यांनी पांढऱ्याच्या पहिल्या ई४ ला एकच उत्तर द्यायचं: सिसिलियन बचाव, आणि त्यातला ड्रॅगन. इतकी वर्षं ई५ खेळून बरोबऱ्या गोळा केल्या. आता धारदार काहीतरी मुळापासून शिकायचंय.

खेळ्या अशा (घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा; नुसतं घर लिहिलं तर प्यादं; × म्हणजे मारणं; आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी; पट्टी म्हणजे घरांची उभी रांग). १. ई४ सी५ २. घो-एफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घो×डी४ घो-एफ६ ५. घो-सी३ जी६. काळा उंट जी७ वर बसतो आणि थेट बी२ पर्यंतचा तिरका रस्ता धरतो. सी पट्टी अर्धी मोकळी झालेली असते, तिथे हत्ती येतो. एवढं तर शाळेतल्या मुलांनाही मी फळ्यावर दाखवलंय. त्यापुढे काय, ते मला माहीत नाही. म्हणून ही वही.

८ जानेवारी

पहिले दोन खड्डे आजच टिपून ठेवतो, नाहीतर सहाव्या खेळीतच मरण.

एक. ६. उं-ई३ आला की हात शिवशिवतो: घो-जी४ करावं आणि उंटाला हाकलावं. तसं केलं तर ७. उं-बी५ शह! मध्ये उंट डी७ वर घातला, तर तो राजासमोर पिन होतो, म्हणजे जी४ वर परत मारायला हलू शकत नाही, आणि पांढरा वजीर जी४ चा घोडा फुकट मारतो. घोडा डी७ वर आला तर आपल्याच उंटाची वाट अडते, पुन्हा जी४ गेला. सी६ वर घोडा घातला तर मारामारी होऊन पांढरा उंट सी६ वरून शह देतो आणि कोपऱ्यातला हत्ती धरतो.

दोन. ६. एफ४, म्हणजे लेव्हेनफिश. इथे उं-जी७ सवयीने होऊन जातं. मग ७. ई५ डी×ई५ ८. एफ×ई५ आणि पुन्हा तोच मोह, घो-जी४, पुन्हा तोच शह बी५ वरून. राजा एफ८ वर सरकला तर घोडा ई६ वर शह देत उठतो आणि डी पट्टीवर आपला वजीर उघडा पडतो. उपाय साधा आहे: ६. एफ४ ला घो-सी६.

दोन्ही खड्ड्यांत गुन्हेगार एकच, एफ६ सोडून निघालेला घोडा. हे आत्ताच लिहून ठेवतोय, कारण दोन्ही वेळा खुणेची रेघ मी त्याच घराखाली मारली.

१२ जानेवारी

युगोस्लाव्ह हल्ला. ड्रॅगन खेळायचा म्हणजे याच्याशी संसार करायचा. ६. उं-ई३ उं-जी७ ७. एफ३ किल्लेकोट ८. व-डी२ घो-सी६ ९. उं-सी४ उं-डी७ १०. लांब किल्लेकोट, म्हणजे राजा वजिराच्या बाजूला सी१ वर आणि हत्ती डी१ वर. एफ३ प्याद्याने जी४ चं घर बंद केलं, ई४ ला आधार दिला आणि पुढे जी४ ढकलायचीही सोय केली, म्हणजे एका खेळीत तीन कामं. मग एच४, एच५, एच पट्टी उघड, उं-एच६ करून आपल्या जी७ च्या उंटाशी मारामारी, वजीर एच६ वर, आणि एच७ वर मात. दोन्ही राजे वेगवेगळ्या बाजूंना, त्यामुळे समोरच्या राजावर प्यादी सोडताना कुणालाच मागे बघावं लागत नाही.

पांढऱ्याचं काम सोपं दिसतं. मला त्याचाच राग येतो.

१९ जानेवारी

रविवार. भाचा आला होता. नववीत आहे, माझ्यापेक्षा वेगाने हिशेब करतो. पांढरी त्याची.

१०... ह-सी८ ११. उं-बी३ घो-ई५ १२. एच४ घो-सी४ १३. उं×सी४ ह×सी४ १४. एच५ घो×एच५ १५. जी४ घो-एफ६ १६. उं-एच६ उं×एच६ १७. व×एच६. इथवर मी खूश. एक प्यादं जास्त, हत्ती सी पट्टीवर ताठ उभा. राजाला पळायला एफ८ मोकळं हवं म्हणून मी ह-ई८ खेळलो. त्याने घोडा डी५ वर ठेवला. मी तो मारला. वजीर एच७ वर शह, राजा एफ८, वजीर एच८ वर. मात. एफ८ वरच्या राजाला ई८, ई७, एफ७ वर माझीच मोहरी आडवी आली.

“मामा, तू पळायची वाट केलीस, पण दाराला कुलूपच नव्हतं,” म्हणाला.

तो बरोबर बोलला. कुलूप म्हणजे एफ६ चा घोडा. एच७ ला त्याच्याशिवाय दुसरा राखणदार नाही. मी स्वतःच्या हाताने तो डी५ वर पाठवला.

२० जानेवारी

शाळेतून आल्यावर कालचा डाव स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनावर घातला. चूक सतराव्या नव्हे, सोळाव्या खेळीत होती. १६. उं-एच६ ला उंट मारायचाच नाही, १६... घो×ई४! खेळायचं. मी पटावर दहा मिनिटं नुसता बघत बसलो. पांढरा वजीर हल्ल्यात आलाय. १७. घो×ई४ ला ह×डी४. आणि पांढऱ्याने १७. व-ई३ केलं तर १७... ह×सी३! १८. बी×सी३ घो-एफ६.

हत्ती देऊन घोडा आणि दोन प्यादी. आणि काळा घोडा फिरून परत एफ६ वर! पांढऱ्याचा सी३ चा घोडा, जो डी५ वर येऊन मला मारणार होता, तो पटावरच नाही.

२ फेब्रुवारी

क्लबात नानांना दाखवलं. नाना पोस्टातून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तर, ड्रॅगन कधी खेळले नाहीत, पण त्याच्याविरुद्ध पांढऱ्याने तीस वर्षं खेळलेत. त्यांनी पट फिरवून स्वतःकडे घेतला.

“सर, तुम्ही हत्ती मोजताय. मी पांढऱ्याने बसतो तेव्हा सी३ चा घोडा मोजतो. तो गेला की माझ्या हल्ल्यातली हवाच जाते.”

मग त्यांनी सांगितलं ते इथे नीट लिहितो. ई४ प्याद्याचा आधार सी३ चा घोडा. डी५ वर उडी मारून एफ६ च्या घोड्याला हात घालणारा तोच. राजासमोरचा आडोसाही तोच. हत्ती सी३ वर मारला आणि बी प्याद्याने परत घेतला, की राजापुढची प्यादी फुटतात: ए२, सी२, सी३, तिन्ही विस्कटलेली. वजिराने परत घेतला तर वजीर एच६ पासून लांब ओढला जातो. म्हणून सगळ्यात चांगली वेळ कोणती? वजीर डी२ सोडून एच६ वर गेला की लगेच. तेव्हा सी३ वर त्याची नजर राहत नाही, बी प्याद्यानेच मारावं लागतं.

माझ्या डोक्यात ड्रॅगन म्हणजे दोन राजांची शर्यत होती. नानांचं ऐकल्यावर पट वेगळा दिसायला लागला. भांडण दोन घोड्यांचं आहे, सी३ चा आणि एफ६ चा. ज्याचा आधी जाईल त्याचा राजा उघडा.

९ फेब्रुवारी

हे खरं आहे का ते मोठ्या डावांवर ताडून बघायचं ठरवलं. आज दोन डाव, दोन्ही पांढऱ्याने जिंकलेले.

पोर्तोरोझ, १९५८, इंटरझोनल, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा. फिशर विरुद्ध लार्सन. फिशर तेव्हा १५ वर्षांचा. २१ व्या खेळीला जी५ करून त्याने काळा घोडा एफ६ वरून एच५ वर हाकलला, आणि २२ व्या खेळीला हत्ती देऊन तो एच५ वरच कापला. मग २३. जी६. लार्सनच्या राजाजवळ एकही घोडा नव्हता.

मॉस्को, १९७४, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्सची अंतिम लढत, दुसरा डाव. कार्पोव्ह विरुद्ध कोर्चनॉय. तेव्हाचा जगज्जेता फिशर १९७५ मध्ये पटावर बसलाच नाही, त्यामुळे हीच लढत जिंकणारा पुढे जगज्जेता झाला. आणि हा डाव चक्क माझ्या भाच्याबरोबरच्या डावाच्या वाटेने जातो! पंधराव्या खेळीपर्यंत तीच स्थिती. पण सोळाव्याला कार्पोव्हने उंट एच६ वर नेला नाही. १६. घो (डी४)-ई२. मागे!

ही खेळी मी आधी कितीतरी वेळा पाहिली असेल आणि पुढे गेलो असेन. आज तासभर तिथेच थांबलो. ई२ चा घोडा सी३ च्या घोड्याला आधार देतो. आता ह×सी३ केलं तर दुसरा घोडाच परत मारतो, प्यादी फुटत नाहीत, काळ्याला काही मिळत नाही. मग १७. उं-एच६, मारामारी, वजीर एच६ वर, आणि १९. ह-डी३: आता सी३ ची राखण हत्तीकडे दिली आणि ई२ चा घोडा मोकळा केला. सी३ च्या एका घोड्यासाठी एवढी तजवीज.

पुढचं तर श्वास रोखून बघावं असं. २०. जी५! ह×जी५ २१. ह-डी५! ह×डी५ २२. घो×डी५ ह-ई८ २३. घो (ई२)-एफ४ उं-सी६ २४. ई५! ही शेवटची ई५ मला दोन दिवस कळली नव्हती. लगेच एफ६ वर मारून घोडा एच५ ला नेला असता, तर काळा वजीर ए५ वरून पाचव्या ओळीने आडवा जी५ वर येऊन शह देत सुटला असता. ई५ च्या प्याद्याने ती आडवी वाट बंद केली. २४... उं×डी५ २५. ई×एफ६ ई×एफ६ २६. व×एच७ शह, आणि २७ व्या खेळीला कोर्चनॉयने डाव सोडला. २५ व्या खेळीला एफ६ चा घोडा गेला, २६ व्या खेळीला एच७ पडलं.

१६ फेब्रुवारी

भाच्याला कार्पोव्हचा डाव दाखवला. चूक केली. लगेच पुढच्याच डावात त्याने माझ्यावर घो-ई२ खेळली आणि मला धुतलं.

२३ फेब्रुवारी

तर १२... घो-सी४ माझ्या कामाचं नाही. नवा आधार: १२. एच४ ला १२... एच५, सोल्टिस प्रकार, अमेरिकन ग्रँडमास्टर अँड्रयू सोल्टिसच्या नावाचा. आपल्याच प्याद्याने एच४-एच५ ची वाट अडवायची. आता एच पट्टी फुकटात उघडत नाही, पांढऱ्याला जी४ करून प्यादं द्यावं लागतं. १३. उं-जी५ ला ह-सी५: हत्ती पाचव्या ओळीवर येऊन ई५ च्या धक्क्यावर नजर ठेवतो आणि मागून बी५ ची तयारी होते. कार्पोव्हच्या ई५ ने पोळल्यावर ही सी५ ची खेळी मला फार जवळची वाटली.

मुख्य ओळ १४. जी४ एच×जी४ १५. एफ४ घो-सी४ १६. व-ई२ अशी जाते. इथपर्यंत पाठ नव्हे, समजून घ्यायचं. पुढचं पुढे.

२ मार्च

आज फक्त नाव. ड्रॅगन म्हटलं की सगळे आग ओकणारा प्राणी काढतात. रशियन खेळाडू फ्योदर दुस-खोतिमिर्स्कीने लिहून ठेवलंय की हे नाव त्याने १९०१ मध्ये कीव्हमध्ये दिलं, कारण काळ्या प्याद्यांची रांग त्याला ड्रॅको तारकासमूहासारखी वाटली. म्हणजे आपला कालेय, सप्तर्षी आणि ध्रुवमत्स्यांच्या मधून वळत जाणारा. रात्री गच्चीवर जाऊन बघितला. एच७, जी६, एफ७, ई७, डी६: वळण पटतं.

९ मार्च

भाच्याने वाट बदलली. ९. उं-सी४ ऐवजी सरळ ९. लांब किल्लेकोट. एक खेळी वाचली म्हणून मी आधी घाबरलो. खरं तर उंट सी४ वर येतो तो एफ७ वर रोखण्याइतकाच डी५ अडवण्यासाठी. तो आला नाही तर ९... डी५! लगेच. ड्रॅगनमध्ये काळ्याला डी५ मिळालं म्हणजे अर्धं काम झालं.

१०. ई×डी५ घो×डी५ ११. घो×सी६ बी×सी६ १२. घो×डी५ सी×डी५ १३. व×डी५. प्यादं गेलं, कोपऱ्यातला हत्ती हल्ल्यात. आणि काळा काय करतो? १३... व-सी७! हत्ती घे म्हणतो. १४. व×ए८ उं-एफ५, आता सी२ वर मात आहे आणि पांढरा वजीर अडकलाय. १५. व×एफ८ शह, रा×एफ८ १६. ह-डी२. पांढऱ्याकडे वजिराच्या बदल्यात दोन हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे वजीर, दोन उंट आणि एक अर्धी मोकळी बी पट्टी. १६... एच५ करून राजाला श्वास द्यायचा. इंजिन काहीही म्हणो, मला या स्थितीत काळ्याने खेळायला आवडेल.

जाणता पांढरा मात्र डी५ मारत नाही, १२. उं-डी४ करतो. तिथे १२... ई५ १३. उं-सी५ उं-ई६, पुन्हा एफ८ चा हत्ती द्यायची तयारी. ड्रॅगन शिकायचा म्हणजे हत्तीचा लोभ सोडायला शिकणं, हे मला आता तिसऱ्यांदा दिसतंय.

२३ मार्च

आज १९९५. हे पान पुढे ढकलत होतो.

न्यूयॉर्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर, जगज्जेतेपदाची लढत, कास्पारोव्ह विरुद्ध आनंद. पहिले आठ डाव बरोबरीत. नवव्यात आनंद जिंकला. मी तेव्हा शाळेत होतो, सकाळी पेपर आला की आधी शेवटचं पान, त्यातल्या खेळ्या उतरवून पुठ्ठ्याच्या पटावर मांडायच्या. नववा डाव जिंकल्यावर घरात मी एकटाच नाचलो होतो, बाकीच्यांना बुद्धिबळाचं काही नव्हतं. दहावा कास्पारोव्हने घेतला. आणि अकराव्यात, आनंदकडे पांढरी असताना, कास्पारोव्हने ड्रॅगन काढला. कार्पोव्हशी जगज्जेतेपदाचे इतके डाव खेळला, तिथे कधी काढला नव्हता. अकरावा जिंकला. तेराव्यात पुन्हा ड्रॅगन, पुन्हा जिंकला, २५ खेळ्यांत. लढत संपली १०½–७½.

तेरावा डाव उतरवताना मी रडलो होतो, ते आठवतंय. खेळ्या कळल्या नव्हत्या. इतक्या वर्षांनी आज दोन्ही डाव पुन्हा मांडले. आनंद कुठे कमी पडला ते शोधायला बसलो नाही. काळ्या बाजूने बसून बघितले. त्या मुलाला ज्या बचावाची भीती वाटली होती, तो आज माझ्या बाजूला आहे. हे कुणाला सांगता येणार नाही, वहीतच राहू दे.

६ एप्रिल

परीक्षांचे पेपर तपासणी. बुद्धिबळ बंद.

२० एप्रिल

सरावाचे १५ मिनिटांचे डाव पुन्हा सुरू. प्रत्येक डावानंतर एकच प्रश्न लिहितो: एफ६ चा घोडा कितव्या खेळीला गेला आणि कुणाच्या इच्छेने? गेल्या दहा हरलेल्या डावांपैकी सातांत तो मीच हलवला होता किंवा मीच मारामारीत दिला होता. उरलेल्या तिघांत जी५ ने हाकलला गेला. त्या तिघांचा उपाय वेगळा: जी५ यायच्या आत सी३ वर मारायचं. एक खेळी उशीर झाला की हत्ती देऊनही उपयोग नाही.

११ मे

स्पर्धा झाली. काळ्या मोहऱ्यांचे चार डाव. दोनांत ड्रॅगन झालाच नाही, एकाने २. सी३ केलं, दुसऱ्याने ३. उं-बी५ शह. त्यांची तयारी मी केली नव्हती. एक बरोबरी, एक हार. एकात समोरच्याने ६. उं-ई२ खेळून शांतपणे छोटा किल्लेकोट केला आणि बरोबरी झाली.

चौथ्या फेरीतला डाव मात्र युगोस्लाव्ह. समोर कॉलेजचा मुलगा, भरभर खेळणारा. बाराव्या खेळीपर्यंत वहीतलीच स्थिती: १२. एच४ एच५. मग त्याने १३. उं-एच६ केलं. १३... उं×एच६ १४. व×एच६. त्याचा वजीर डी२ सोडून गेला, आणि मला क्लबातला नानांचा आवाज ऐकू आला. तरीही चौदा मिनिटं घेतली. सगळं दोनदा मोजलं. १४... ह×सी३. हात थोडा थरथरला.

१५. बी×सी३ व-ए५ १६. रा-बी२ ह-सी८ १७. घो-ई२ घो-सी४ शह १८. उं×सी४ ह×सी४. त्याचा वजीर एच६ वर अजून एकटाच उभा, सोबतीला कुणी नाही. माझ्या एच५ च्या प्याद्याने पट्टी बंद, एफ६ वर घोडा जागच्या जागी. १९. व-ई३ ह-ए४ २०. ह-ए१ उं-ई६. हत्ती, वजीर, उंट, तिघांची नजर ए२ वर. तो बराच वेळ डोकं धरून बसला. ३४ व्या खेळीला त्याने हात पुढे केला.

डाव उलगडून बघताना त्याने विचारलं, “सर, हत्ती दिलात तेव्हा माझी चूक झाली होती का?” मी म्हणालो, वजीर एच६ वर गेला तेव्हा. त्याला पटेना, कारण तो वजीर तिथे इतका छान दिसत होता. मलाही जानेवारीत पटलं नसतं.

पूर्ण डावात माझा एफ६ चा घोडा एकदाही हलला नाही. स्कोअरशीटवर दोनदा तपासलं.

१८ मे

भाचा सुट्टीला आलाय. या वेळी काळी त्याने मागितली. ड्रॅगनच खेळणार म्हणाला. म्हणजे चार महिन्यांत पहिल्यांदा मी पांढऱ्या बाजूने बसलो. त्याने सोल्टिस टाळला, १२... घो-सी४ घेतलं, माझी जुनी वाट. १३. उं×सी४ ह×सी४ १४. एच५ घो×एच५ १५. जी४ घो-एफ६.

मी डी४ चा घोडा उचलला आणि ई२ वर ठेवला.

तो सी४ च्या हत्तीकडे बघत राहिला, मग सी३ कडे, मग पुन्हा हत्तीकडे. घड्याळात त्याची अकरा मिनिटं गेली. बहिणीने आतून जेवायला हाक मारली, तेव्हाही त्याने मान वर केली नाही.